नवजात बाळाचा जंतुदोष: सीआरपी की प्रोकॅल्सिटोनिन?

मेळघाटातून जीपने आणलेले, दूध ओढायचे थांबलेले आणि तळपाय गार पडलेले चार दिवसांचे बाळ समोर असते, तेव्हा रक्ताच्या कोणत्या तपासणीवर भिस्त ठेवायची हा जिवाचा प्रश्न असतो. सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हे संसर्गात रक्तात वाढणारे प्रथिन यकृतात तयार होते. जंतुसंसर्गानंतर ते वाढायला सहा ते आठ तास लागतात, म्हणून पहिला अहवाल १० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत आला तरी निर्धास्त होता येत नाही. संसर्गाचा रक्तातला दुसरा सूचक असलेले प्रोकॅल्सिटोनिन दोन ते चार तासांतच चढू लागते. मात्र निरोगी बाळातही जन्मानंतरच्या पहिल्या ४८ तासांत ते आपोआप वाढते. चार दिवसांच्या बाळात ही अडचण उरत नाही, पण तपासणी महाग पडते. माझ्या मते ग्रामीण विदर्भात २४ तासांच्या अंतराने दोनदा केलेले सीआरपी अधिक उपयोगाचे, कारण दोन्ही वेळा ते कमी आले आणि बाळ सावरले, तर प्रतिजैविके थांबवायला भक्कम आधार मिळतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी तर केवळ लक्षणांवरून जंतुदोष ओळखून घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले. तेव्हा लक्षणे दिसत असताना कोणत्याही अहवालासाठी पहिले इंजेक्शन लांबवू नये.