मोटारसायकलसाठी टायर प्रेशर सेन्सर: व्हॉल्व्हवरचा घ्यावा की टायरच्या आतला?

मोटारसायकलला टायर प्रेशर सेन्सर बसवायचा ठरला की बहुतेक जण डिस्प्ले बघतात आणि किंमत बघतात. त्या सेन्सरची निगा कशी राखायची हा प्रश्न पुढे येतो तो थेट सेल संपल्यावर, नाहीतर सेन्सर व्हॉल्व्हला गच्च धरून बसल्यावर. माझं मत असं की निवड याच प्रश्नावर व्हावी. हवा कमी होतेय हे दोन्ही प्रकारचे चांगले सेन्सर वेळेवर सांगतात. खरा फरक आहे तो तुम्हाला त्यांच्यासाठी काय करावं लागेल आणि किती वेळा करावं लागेल यात.

कारच्या बाबतीत हा प्रश्न कायद्याने सोडवून टाकला. अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. मोटारसायकली त्या नियमांत नाहीत. त्यामुळे काही महागड्या गाड्या सोडल्या तर दुचाकीवाल्याला स्वतःच ठरवावं लागतं. चाकं दोनच असल्यामुळे हवा गेली तर सावरायला जागा कमी असते, म्हणून हा निर्णय घाईत घेऊ नये.

बाहेरचा सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवतात. आतला सेन्सर टायरमध्ये, रिमवर, व्हॉल्व्हच्या बुडाशी घट्ट केलेला असतो.

हवा भरायची वेळ आली की

बाहेरचा सेन्सर असेल तर हवा भरणं हे छोटं कामच होऊन बसतं. आधी बारीक पान्ह्याने खालचा लॉकनट सैल करायचा, सेन्सर काढायचा, हवा भरायची, सेन्सर परत बसवायचा आणि नट आवळायचा. पुढच्या चाकात डिस्कमुळे बोटं धड आत जात नाहीत. प्रत्येक वेळी सेन्सर काढता-घालता थोडी हवाही निसटते, म्हणून एक-दोन पीएसआय जास्तच भरावी लागते. आतल्या सेन्सरला यातलं काहीच नाही. प्लॅस्टिकची टोपी काढा, हवा भरा, टोपी लावा.

ही कटकट वरवर किरकोळ वाटते, पण तिचा परिणाम मोठा आहे. अवघड काम माणूस पुढे ढकलतो. डिस्प्लेवर ३३ च्या जागी ३० दिसतंय, ‘चालतंय अजून’ म्हणून आठवडा जातो. सेन्सर आपलं काम करतोय, पण हवा भरण्याचा कंटाळा त्यानेच वाढवून ठेवलाय. पान्हा गाडीवरच ठेवणाऱ्या शिस्तीच्या माणसाला बाहेरचा सेन्सर चालेल. बाकीच्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे विचारून बघावं.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या. बाहेरचा सेन्सर पूर्ण फिरवून बसवला की त्याच्या आतला दांडा व्हॉल्व्हची पिन दाबून धरतो, कारण त्याशिवाय त्याला टायरमधली हवा मोजता येत नाही. म्हणजे सेन्सर बसलेला असेपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच असतो आणि हवा अडवण्याचं सगळं काम सेन्सरमधल्या छोट्या रबरी वायसरवर येतं. तो वायसर उन्हाने कडक झाला किंवा त्याच्यात वाळूचा कण अडकला की हळूहळू गळती सुरू होते. म्हणून सेन्सर बसवल्यावर प्रत्येक वेळी बुडाशी साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडून थोडं थांबा. बुडबुडा फुगला तर काढून, वायसर पुसून परत बसवा. आतल्या सेन्सरमध्ये व्हॉल्व्ह बंदच राहतो आणि आपलं काम नेहमीसारखं करतो.

दहा ग्रॅम म्हणजे किती?

बाहेरचा सेन्सर दहा ग्रॅमच्या आसपास भरतो. हातात घेतला तर जाणवतही नाही. पण सतरा इंची चाक ताशी १२० किलोमीटरने फिरत असताना व्हॉल्व्हच्या टोकाशी त्याच दहा ग्रॅमचा भार सव्वादोन किलोच्या वर जातो. वेग दुप्पट झाला की हा भार चौपट होतो.

व्हॉल्व्ह धातूचा असेल, रिमला नटाने आवळलेला असेल, तर तो हे सहन करतो. रबरी व्हॉल्व्ह मात्र वेग वाढला-उतरला की बुडाशी थोडा वाकतो, सुटतो, परत वाकतो. तडा जातो तो नेमका रिमच्या भोकाजवळ, जिथे बघायला कोणी वाकत नाही. बोट घालायला सोपं जावं म्हणून काटकोनात वळलेला रबरी व्हॉल्व्ह बसवला असेल तर अवस्था आणखी वाईट, कारण तिथे सगळा भार व्हॉल्व्हला आडवा वाकवायलाच बघतो. रबरी व्हॉल्व्हवर बाहेरचा सेन्सर लावू नका. या एका बाबतीत मी तडजोड सुचवणार नाही.

आणि इथेच तुलनेचं पारडं फिरतं. बाहेरच्या सेन्सरचा सगळ्यात मोठा फायदा म्हणून सांगतात तो हा की टायर उतरवावा लागत नाही. पण व्हॉल्व्ह रबरी असेल तर आधी तो बदलून धातूचा बसवायला हवा, आणि त्यासाठी टायर रिमवरून सोडवावाच लागतो. एवढं करायचंच असेल तर त्याच वेळी आतला सेन्सर बसवायला काय हरकत आहे? त्यामुळे खरेदीआधी चाकाजवळ बसून व्हॉल्व्ह बोटाने हलवून बघा. सहज वाकला तर रबरी. बुडाशी नट दिसला आणि व्हॉल्व्ह तसूभरही हलला नाही तर धातूचा. व्हॉल्व्ह बदलायचाच झाला तर रिमच्या भोकाचं माप आधी घ्या, मोटारसायकलींत ८.३ आणि ११.३ मिलिमीटर अशी दोन मापं जास्त आढळतात.

बाहेरचा सेन्सर लावल्यावर गाडी स्टँडवर घेऊन दोन्ही चाकं हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. कॅलिपर, डिस्क, मागचा स्विंगआर्म, कुठेही सेन्सर घासता कामा नये. बोटभर जागा मोकळी राहिली तर ठीक.

सेल संपल्यावर

बाहेरच्या सेन्सरमध्ये सीआर१६३२ किंवा त्याच्यासारखा तीन व्होल्टचा बटन सेल असतो. साधारण वर्ष-दोन वर्षं चालतो आणि घरी बदलता येतो. थंडीत सेलचा व्होल्टेज पडतो, त्यामुळे हिवाळ्यातल्या सकाळी एकच सेन्सर मधूनमधून गायब व्हायला लागला तर सेल उतरत आलाय असं समजा. बदलताना दोन्ही चाकांचे सेल एकदमच बदला, तारीख लिहून ठेवा. सेलच्या कडांना घामट बोटं लावू नका. झाकण बंद करण्याआधी ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, बघा: चपटी झाली असेल तर नवी घाला, चांगली असेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पाणी आत शिरून सेन्सर मेले की दोष सेलला जातो, पण बऱ्याचदा चूक या रिंगची असते. गाडी धुताना प्रेशर वॉशरचा झोत सरळ सेन्सरवर मारू नये, ते याचसाठी.

आतल्या सेन्सरचा सेल रेझिनमध्ये बंद असतो. बदलायची सोय नाही. सेल संपला की पूर्ण सेन्सर नवा. ऐकायला हे महागडं वाटतं, पण असा सेन्सर साधारण पाच ते सात वर्षं चालतो आणि तेवढ्या काळात नियमित चालणाऱ्या गाडीचे टायर एकदा तरी बदलतातच. युक्ती एवढीच की सेन्सर मरायची वाट बघायची नाही. टायर बदलायला नेला आणि सेन्सर पाच वर्षांचा झालेला असेल, तर चालू असला तरी तेव्हाच बदलून टाका. नाहीतर सहा महिन्यांनी फक्त सेन्सरसाठी नवा टायर उतरवायची पाळी येते.

व्हॉल्व्हचीही काळजी वेगळी आहे. आतल्या सेन्सरचा व्हॉल्व्ह बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. त्यात साधी पितळी पिन घातली किंवा वर पितळी टोपी लावली की ओलाव्याने दोन धातू एकमेकांना धरून बसतात आणि काढताना व्हॉल्व्हच तुटतो. पिन निकेलचा मुलामा दिलेली हवी आणि टोपी प्लॅस्टिकची. हाच त्रास बाहेरच्या सेन्सरचे पितळी आटे अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर चढवले तरी होतो. म्हणून तो महिन्या-दोन महिन्यांनी एकदा काढून, आटे पुसून परत बसवावा. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर सेन्सर काढून घरात ठेवा आणि साधी टोपी लावा. सेलही वाचतो, गळतीची शक्यताही जाते.

टायरवाल्याकडे

इथे आतल्या सेन्सरची कमजोर बाजू दिसते. बीड (टायरची रिमवर घट्ट बसणारी कड) सोडवायच्या मशिनचं पातं किंवा टायर लिव्हर चुकीच्या जागी लागला तर सेन्सर जागीच फुटतो. टायर आत देण्याआधी ‘आत सेन्सर आहे’ हे तोंडाने सांगा आणि व्हॉल्व्हजवळ रिमवर एक स्टिकरही लावून ठेवा, कारण सांगितलेलं ज्याने ऐकलं आणि जो टायर उतरवतो तो एकच माणूस असेल असं नाही. बीड सोडवताना व्हॉल्व्ह पात्यापासून लांब, चाकाच्या विरुद्ध टोकाला राहू द्यायचा. टायर उतरलाच आहे तर व्हॉल्व्हचा रबरी वायसर आणि पिन नवी घालून घ्या. सेन्सरमुळे चाकाचं वजन एका बाजूला वाढतं, तेव्हा बॅलन्सिंग चुकवू नका.

पंक्चर भरायचं द्रव दोघांनाही मानवत नाही. बाहेरचा सेन्सर आधी काढल्याशिवाय ते टाकताच येत नाही, आणि नंतर व्हॉल्व्हमध्ये चिकटलेलं द्रव सेन्सरच्या बारीक छिद्रात जातं. आतल्या सेन्सरवर ते थेट उडतं. टाकावं लागलंच तर पुढच्या वेळी टायर उतरल्यावर सेन्सर ओल्या फडक्याने पुसून घ्या, छिद्रात टाचणी खुपसू नका. स्ट्रिप लावून पंक्चर काढताना भोक व्हॉल्व्हच्या रेषेत असेल तर रीमर (भोक साफ करायचं टोकदार हत्यार) किती आत जातोय यावर लक्ष ठेवा.

आकडा वाचताना

दाब तापमानाबरोबर बदलतो. ३३ पीएसआयच्या टायरमध्ये हवा दहा अंश सेल्सिअसने तापली की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा थंड टायरचा असतो, म्हणून चालून आल्यावर ३७ दिसलं तरी हवा सोडू नका. कमी दाबाचा इशारा थंड आकड्याच्या दहा-बारा टक्के खाली आणि जास्त दाबाचा वीस-पंचवीस टक्के वर ठेवला की उगाच बोंब होत नाही.

तापमानाचा आकडा मात्र आतल्याच सेन्सरचा मानावा. बाहेरचा सेन्सर वाऱ्यात असतो, तो टायरमधल्या हवेचं तापमान सांगू शकत नाही. बीएमडब्ल्यूच्या कारखान्यातून बसवलेल्या यंत्रणेत दाखवलेला दाब २० अंशांना धरून दुरुस्त केलेला असतो. त्यामुळे तापलेल्या टायरवर हवा मोजायच्या गेजचा आणि डिस्प्लेचा आकडा जुळत नाही, आणि तो बिघाड नसतो. उंच घाटातही असाच घोळ होऊ शकतो. तीन हजार मीटरवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे साडेचार पीएसआयने कमी असतो. ते हिशोबात न धरणारा सेन्सर आणि हातातलं गेज यांच्यात तिथे तेवढा फरक पडतो.

सेन्सर कुठलाही घ्या, चांगलं गेज घरात हवंच. आतले सेन्सर चाक फिरायला लागेपर्यंत झोपलेले असतात, त्यामुळे सकाळी निघण्याआधीचा खरा थंड दाब गेजच सांगतं. महिन्यातून एकदा दोन्ही आकडे ताडून बघा. फरक कायम तेवढाच राहिला तर चालेल. फरक वाढत गेला तर सेन्सर बदलायला आला.

डिस्प्लेबद्दल एवढंच: हँडलवरचा, लाल दिवा लागणारा डिस्प्ले घ्या. खिशातल्या फोनवरचा इशारा चालवताना दिसत नाही.

मग कोणी काय घ्यावं?

स्पोकची चाकं आणि ट्यूबचे टायर असतील तर आतल्या सेन्सरचा विचार सोडा. बाहेरचा बसवता येतो, पण कच्च्या रस्त्यावर हवा कमी करून चालवणाऱ्याला तोही मी सुचवणार नाही: इशारा सतत वाजत राहतो आणि दगडाने सेन्सर उडतो. तिथे गेज आणि छोटा पंप बरा.

ट्यूबलेस टायर, धातूचे व्हॉल्व्ह, आणि गाडी वर्षभरात विकायचा विचार असेल तर बाहेरचे घ्या. ते काढून पुढच्या गाडीला लावता येतात.

ट्यूबलेस टायर, रबरी व्हॉल्व्ह आणि गाडी पुढची काही वर्षं ठेवायची असेल, तर थांबा. सध्याचे टायर झिजेपर्यंत आठवड्याला गेज लावा आणि टायर बदलताना आतले सेन्सर बसवा. माझ्या मते बहुतेक रोजच्या आणि लांबच्या प्रवासाच्या गाड्यांना हाच मार्ग योग्य आहे. त्या दिवशी एक काम आधी उरकून घ्या: सेन्सर रिमवर चढवण्यापूर्वी त्यांच्यावर छापलेले क्रमांक टिपून घ्या, पुढचा कुठला आणि मागचा कुठला ते डिस्प्लेशी जोडून पक्कं करा. टायर चढल्यावर अदलाबदल लक्षात आली आणि डिस्प्लेमध्ये ती बदलायची सोय नसली, तर दोन्ही टायर पुन्हा उतरवावे लागतात.