मुंबईत एक दिवस आणि बेस्टचा 75 रुपयांचा पास: कोकणातून जाणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

रत्नागिरीहून मुंबई बघायला जायचं म्हटलं की आधी राहायचा प्रश्न येतो. पूर्वी परळ-लालबागला कोणाच्या तरी खोलीवर पथारी पसरली की झालं, गावमंडळाची खोली असायची, निदान आतेभाऊ मामेभाऊ तरी असायचा. आता त्या चाळींचे टॉवर झाले नाहीतर होतायत, आणि आमचे सगळे नातेवाईक डोंबिवली-बदलापूर-विरारला. हॉटेलं आपल्याला झेपणारी नाहीत, स्टेशनजवळच्या एका लॉजवाल्याने नुसतं आंघोळ करून दोन तास टेकायचे हजार रुपये सांगितले. म्हणून आम्ही सरळ ठरवलं, रात्री कोकणकन्येने जायचं, पहाटे सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर फिरायचं आणि रात्री तिथूनच सुटणारी कोकणकन्या पकडून परत. मी, आई, काकी आणि नववीतली भाची. फिरायला बेस्टचा एक दिवसाचा पास काढला, त्याबद्दलच लिहितेय, कारण गावाकडे किती जणांना विचारलं तर हा पास असतो हेच माहीत नाही.

आधी पैशाचं सांगते. मे 2025 ला बेस्टचं भाडं वाढलं, साध्या बसचं कमीत कमी तिकीट 5 चं 10 झालं आणि एसीचं 6 चं 12, हे पहिल्या 5 किलोमीटरचं. दिवसाचा पास 60 चा होता तो 75 झाला. मग दिवसभर कितीही बस बदला. मोबाईलवर अ‍ॅपमध्ये काढला, बसमध्ये चढलं की कंडक्टरला दाखवायचा, बस्स. चौघींचे 300 रुपये.

आता खरं बोलायचं तर 75 वसूल व्हायला एसी बसच्या छोट्या सात फेऱ्या तरी व्हायला हव्यात, सहा केल्या तर 72 च होतात. आणि सरळ लांब जायचं असेल तर लोकलइतकं स्वस्त काहीच नाही, सीएसएमटी ते दादर सेकंड क्लासला 5 रुपये. त्यामुळे तुम्ही दोनच ठिकाणं बघणार असाल तर पास काढू नका, सुट्टं तिकीट घ्या. पण आमच्यासारखी वयस्कर माणसं बरोबर असतील तर मात्र नक्की काढा आणि त्याचं कारण नुसतं पैशात नाहीये. आमच्या घरची सवय अशी की दोन स्टॉपचं अंतर असेल तर आई म्हणणार चला चालत जाऊ, चौघींचे चाळीस रुपये कशाला घालवायचे. मग दुपारपर्यंत तिचे गुडघे बोलायला लागतात आणि संध्याकाळी ती कुठेतरी बाकावर बसून राहते, तुम्ही बघून या मी इथेच आहे म्हणते. पास असल्यावर हे सगळं बंद झालं. पैसे भरून झालेलेच आहेत म्हटल्यावर तीच बस दिसली की हात करायला लागली, एका स्टॉपसाठी पण! कमी पैशात फिरताना पाय दुखतात त्याहून जास्त डोकं दुखतं, प्रत्येक वेळी काढू का नको काढू का नको, आणि ते ह्या पासने घालवलं. मला तरी 75 रुपयांत हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटली.

सीएसएमटीला उतरून वेटिंग रूममध्ये तोंडबिंड धुतलं, सामान क्लोकरूमला टाकलं. बॅगेला कुलूप हवंच, बिनकुलपाची बॅग घेत नाहीत, घरून निघतानाच लावून न्या. मग समोर आरामचा वडापाव आणि चहा. आणि तिथून एसी डबलडेकर, 115 नंबर, सीएसएमटी ते नरिमन पॉईंटचं एनसीपीए नाट्यगृह. ही नवीन इलेक्ट्रिक डबलडेकर फेब्रुवारी 2023 पासून आहे, जुन्या डिझेलच्या डबलडेकर त्याच वर्षी 15 सप्टेंबरला कायमच्या बंद झाल्या. काकीचे वडील लालबागला गिरणीत होते, 82 च्या संपाच्या आधी ती तिकडेच वाढलेली, तिला वरच्या मजल्यावरची पुढची उघडी खिडकी आणि तोंडावर येणारा वारा आठवत होता, इथे काच बंद म्हणून जरा हिरमुसली. पण वर पुढची सीट मिळाली आणि मग जे दिसलं ना, ते खालून चालताना दिसतच नाही. सीएसएमटीच्या भिंतीवरचे दगडात कोरलेले प्राणी पक्षी, पानंफुलं, सगळं जवळजवळ डोळ्यासमोर. फाटकावर एका बाजूला सिंह एका बाजूला वाघ आहे तो भाचीने शोधला. स्टेशनचा आराखडा केला त्या स्टीव्हन्स साहेबाचीच समोरची महापालिकेची इमारत पण, स्टेशन 1888 चं आणि ही 1893 ची, हे मी आधी वाचून गेलेले त्यामुळे सांगता आलं. ह्याच गोष्टीचे टूरवाले किती घेत असतील, आपण पासवर बघितलं.

नरिमन पॉईंटवरून मरीन ड्राईव्हने मलबार हिलला जायचं होतं. त्याआधी स्टेशनबाहेर एका टॅक्सीवाल्याने ह्याच मलबार हिलचे सरळ पाचशे सांगितलेले, मीटर टाकणार नाही म्हणाला. मीटर पहिल्या दीड किलोमीटरला 31 ने सुरू होतो, म्हणजे दीडशेच्या आसपास झाले असते. असं कोणी सांगितलं तर वाद घालत बसू नका, पुढची टॅक्सी बघा नाहीतर बस पकडा.

मलबार हिलला तो नवीन झाडांमधला लाकडी पूल केलाय, मार्च 2025 ला उघडला, 485 मीटर लांब, तिकीट 25 रुपये, वेळ ऑनलाईन बुक करावी लागते. आई आधी म्हणाली, अगो झाडं बघायला पैसे? आपल्या परड्यात काय कमी झाडं आहेत? पण आत गेल्यावर तिचंच राज्य. एक मुंबईची मुलगी वेलीचा फोटो काढत होती, तिला आईने ती गुळवेल आहे, ताप आला की काढा करतात, देठ सोललं की आत असं दिसतं, सगळं सांगितलं, ती मुलगी मोबाईलमध्ये लिहून घेत होती. पुढे काचेच्या तळाचा एक सज्जा आहे, तिथून खाली गिरगाव चौपाटी दिसते. 25 रुपयांत मुंबईत ह्याच्यापेक्षा चांगलं काही मिळेल असं मला वाटत नाही.

मग बस बदलत सिद्धिविनायक. मंगळवार टाळा एवढंच सांगते. आता मेट्रो 3 पण आहे, आरे ते कफ परेड, ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण सुरू झाली, सिद्धिविनायकला स्टेशन आहे आणि तिकीट 10 ते 70 रुपये. घाई असेल तर तीच घ्या, ट्रॅफिक नाही काही नाही. पण जमिनीखालून मुंबई दिसत नाही ना, आणि आम्ही तर मुंबई बघायलाच गेलेलो.

खाण्याचं. घरून तांदळाच्या भाकऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणीची चटणी नेलेली, दुपारचं त्याच्यावर भागलं. दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष मात्र घेतलं, तेवढी चैन पाहिजेच. मालवणी थाळीच्या पाट्या दिसतील पण कोकणातून जाऊन मुंबईत मासे खाऊ नका, त्याच पैशात घरी अख्ख्या घराला सुरमई होते.

आता पासच्या अडचणी. बेस्टच्या गाड्या कमी झाल्यात ही सगळ्या मुंबईकरांची तक्रार आहे, त्यामुळे थांबायची तयारी ठेवा, अ‍ॅपवर बस कुठे आलीय ते बघूनच स्टॉपवर जा. संध्याकाळी सहा ते आठ दक्षिणेकडून उत्तरेकडे बसने जायच्या फंदात पडू नका, बायकांना आणि म्हाताऱ्यांना ती गर्दी नकोच. आम्ही म्हणूनच उलटं केलं, दुपारीच दादर उरकलं आणि गर्दीच्या उलट्या दिशेने परत फोर्टात आलो, बसायला जागा मिळाली. गेटवेला उजेड असतानाच पोचलो. जहांगीर आर्ट गॅलरी तिथून चालत, फुकट आहे, भाचीला बाहेर काढताना नाकी नऊ आले. राणीची बाग राहिली, तिकीट 50 रुपये, पण ती बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवून वार ठरवा.

मोबाईलची बॅटरी हा खरा मुद्दा आहे, पास मोबाईलमध्ये आणि मोबाईल बंद पडला तर पास पण गेला, पॉवरबँक न्याच. आणि कोकणकन्येचं रिझर्वेशन मिळालं नाही तर बायकांनी एसटीचा विचार करा, मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. गणपती आणि मे महिना सोडून कधीही जा, कारण त्या दिवसांत आपली गाडीही भरलेली असते आणि मुंबईही.