ग्रुपवरचं राजकारण आणि व्हॉट्सअ‍ॅप: कुठली सोय कामाची, कुठली अंगाशी येणारी

निरोप पोचवायला व्हॉट्सअ‍ॅप चांगलं आहे, त्यावर लिहायला काही उरलेलं नाही. इथे त्याला वेगळ्या कामासाठी तपासलं आहे. नातेवाइकांच्या, जुन्या मित्रांच्या किंवा शेजाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल, बाहेरून आलेल्या लोकांबद्दल विखारी काहीतरी टाकतं, दुसरं कुणी भडकतं, आणि तासाभरात वर्षानुवर्षांची नाती पणाला लागतात. अशा वेळी हे अ‍ॅप हाताशी काय देतं?

निकाल आधीच सांगतो. पूर्वग्रहाला जागच्या जागी अडवण्यासाठी ५ पैकी साडेतीन गुण. पेटलेलं भांडण विझवण्यासाठी २. समोरच्याचं मत बदलण्यासाठी जेमतेम १, आणि तो एक गुणही खासगीत उत्तर देण्याच्या सोयीमुळे.

गुणांमधली ही तफावत समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. ग्रुपवर बोलणारे चार असतात आणि वाचणारे चाळीस. विखारी मेसेजला दिलेलं उत्तर एकाच वेळी दोघांना जातं: ज्यानं तो टाकला त्याला, आणि जे गप्प बसून वाचताहेत त्यांना. त्या गप्प बसलेल्यांत ज्या समाजाबद्दल बोललं गेलं त्यातलं कुणी असू शकतं, घरातली शाळकरी मुलं असू शकतात. त्यांना कळायला हवं की इथे हे सगळ्यांना मान्य नाही. तेवढं काम एका वाक्यात होतं. पण मेसेज टाकणाऱ्याचं मन वळवायचं असेल तर हेच प्रेक्षक आड येतात. चाळीस जणांसमोर माघार घेणं कुणालाच जमत नाही. म्हणून ग्रुपवर फक्त हरकत नोंदवायची, चर्चा बाहेर करायची.

हरकत कशी नोंदवायची, ते जवळून पाहू. समजा, काकांनी फॉरवर्ड केलं: "त्या लोकांना घर भाड्यानं देऊ नका, नंतर पस्तावाल." यावर हमखास येणारं उत्तर असतं: "काका, तुमच्यासारख्या लोकांमुळेच समाज मागे राहिलाय." हे वाचून काका मेसेजबद्दल बोलायचंच सोडून देतात आणि स्वतःच्या मानाबद्दल बोलायला लागतात. मग काकू येतात, मग चुलतभाऊ येतो, "मोठ्यांशी असं बोलतात का?" सुरू होतं, आणि मूळ मेसेज सुखरूप सुटतो. त्याऐवजी असं लिहा: "काका, एखाद्या भाडेकरूनं त्रास दिला म्हणून अख्ख्या समाजाला नावं ठेवणं मला पटत नाही." यात चार गोष्टी सांभाळल्या आहेत. नाव घेऊन बोललं आहे. नेमकं काय खटकलं ते सांगितलं आहे. 'मला' म्हटलं आहे, 'तुम्ही नेहमी' नाही. आणि प्रश्न विचारलेला नाही, कारण ग्रुपवर प्रश्न विचारला की उत्तर येतं, उत्तराला प्रत्युत्तर येतं. वाक्य पाठवायचं आणि तिथेच थांबायचं. काकांचं उत्तर आलं तरी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकायचा नाही.

सौम्य बोलणं म्हणजे कच खाणं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. अलेक्झांडर चॉप आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पूर्वग्रहाबद्दल टोकलं गेलेल्या माणसांनी पुढच्या वेळी तशी उत्तरं कमी दिली, मग टोकणं सौम्य असो वा कडक. कडक शब्दांनी वाढला तो टोकणाऱ्यावरचा राग. ग्रुपमधल्या माणसाशी उद्याही संबंध ठेवायचा आहे, तेव्हा तो राग विकत घेण्यात फायदा काही नाही.

उत्तर लिहिताना दोन तांत्रिक गोष्टी लक्षात ठेवा. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. बदलल्याची खूण दिसते, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही. शिवाय पाठवणारा आपला मेसेज दोन दिवसांहून थोडा अधिक काळ सगळ्यांसाठी पुसू शकतो. म्हणून खटकलेले शब्द आपल्या वाक्यात आले पाहिजेत. नुसतं "हे बरोबर नाही" लिहिलंत आणि वरचा मेसेज पुसला गेला, तर तुमचं वाक्य हवेत लटकतं आणि उशिरा वाचणाऱ्याला तुम्हीच विनाकारण चिडल्यासारखे वाटता.

आता ग्रुपबाहेरचं काम. अँड्रॉइडवर मेसेज दाबून धरायचा, वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत जायचं, तिथे खासगीत उत्तर देण्याचा पर्याय असतो. त्या माणसाशी वेगळी खिडकी उघडते आणि मूळ मेसेज वर जोडलेला असतो. संपूर्ण अ‍ॅपमध्ये या कामासाठी ही सर्वांत मोलाची सोय आहे, आणि ती तीन टिंबांमागे लपवून ठेवली आहे. इतका चांगला पर्याय साध्या उत्तराच्या शेजारी हवा होता.

मात्र खासगी खिडकी उघडून तिथे लांबलचक लिहीत बसू नका. तिथून फक्त वेळ मागा: "काका, सकाळच्या मेसेजवर जरा बोलायचं होतं, संध्याकाळी फोन करू का?" लिखाणात स्वर हरवतो आणि तो हरवल्याचं लिहिणाऱ्याला कळत नाही. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात, ईमेलमधून केलेली खोच समोरच्याला कळेल असं लिहिणाऱ्यांना सरासरी ७८ टक्के वेळा वाटलं होतं. प्रत्यक्षात ती ५६ टक्के वेळा कळली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. ज्युलियाना श्रोडर यांच्या २०१७ मधल्या अभ्यासाचा निष्कर्षही इथे उपयोगी आहे: विरुद्ध राजकीय मताचा माणूस त्याच्या आवाजात ऐकला की लोकांना तो अधिक विचारी वाटतो, तेच मत कागदावर वाचलं की कमी. फोनचं बटण त्याच खिडकीत वर आहे, तेच वापरा. व्हॉइस मेसेज हा त्याला पर्याय नाही. त्यात एकट्यानंच बोलायचं असतं, मधे कुणी थांबवत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते भाषण वाटतं.

फोनवर क्रम पाळा. आधी विचारा, "तुम्हाला असा काही अनुभव आला होता का?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका. बहुतेकदा एखादा खरा प्रसंग निघतो किंवा कुणाकडून ऐकलेली गोष्ट निघते. प्रसंग खरा असेल तर तो मान्य करा. त्रास झाला होता हे मान्य करणं आणि सगळा समाज तसा आहे हे मान्य करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर विचारा, आपल्याला कुणी न ओळखता असंच एका फटक्यात बाद केलं होतं, असं कधी झालं का. वयावरून, बोलण्यावरून, गावावरून, शिक्षणावरून, कशावरूनही. हा प्रश्न उगाच सुचलेला नाही. डेव्हिड ब्रॉकमन आणि जोशुआ कल्ला यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कार्यकर्ते दारोदार गेले. तृतीयपंथी व्यक्तींबद्दल बोलताना त्यांनी माणसांना स्वतःला कधी वेगळं पाडलं गेलं होतं ते आठवायला लावलं. साधारण दहा मिनिटांच्या या बोलण्यानं पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनीही टिकून होता. आकडेवारी आणि दुवे या प्रश्नानंतर द्या, तेही एखादाच. सुरुवातीलाच पाच दुवे पाठवले तर एकही उघडला जात नाही.

जे गप्प वाचताहेत त्यांच्यासाठी अ‍ॅपनं इमोजीची सोय ठेवली आहे, आणि इथे ती फसवी आहे. हरकतीच्या मेसेजवर अंगठा उमटवला की पाठिंबा दिल्याचं समाधान मिळतं. पण तो अंगठा मेसेजच्या खाली बारीकसा दिसतो, नाव पाहायला त्यावर दाबावं लागतं, आणि लगेच मूळ मेसेजवरही अंगठे पडायला लागतात, जणू मतमोजणीच चालली आहे. त्यापेक्षा चार शब्द लिहा: "मलाही हे पटलं नाही." सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रसिद्ध प्रयोगात, खोलीतले बाकी सगळे चुकीचं उत्तर देत असले की साध्या रेघांच्या लांबीबद्दलही माणसं साधारण एक तृतीयांश वेळा त्यांच्या मागे गेली. बरोबर उत्तर देणारा एकच सोबती मिळाला की हे प्रमाण आधीच्या चौथ्या हिश्श्यावर आलं. पहिली हरकत घेणाऱ्याइतकंच दुसऱ्याचं वजन आहे. आणि ज्या समाजाला बोललं गेलं त्यातल्या सदस्यानं उत्तर द्यावं म्हणून वाट पाहत बसू नये. त्यानं हरकत घेतली की "तू मनाला लावून घेतोस" म्हणून ती उडवून लावणं सोपं जातं. बाहेरच्यानं घेतली की तसं म्हणता येत नाही.

अ‍ॅडमिनच्या हातातल्या गोष्टी अधिक आहेत, पण त्या चुकीच्या जागी वापरल्या जातात. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे "ग्रुपवर राजकारण नको" हा नियम. दिसायला तो तटस्थ आहे. प्रत्यक्षात विखारी फॉरवर्ड 'माहिती' किंवा 'विनोद' म्हणून आत येतो, आणि त्यावर कुणी हरकत घेतली की तिला राजकारण म्हटलं जातं. हा नियम फॉरवर्ड टाकणाऱ्याला लागत नाही, टोकणाऱ्याला लागतो. रेघ वेगळ्या जागी ओढायला हवी. सरकारवर, पक्षावर, धोरणावर कितीही कडक टीका चालेल. माणूस ज्या घरात जन्मला त्यावरून त्याच्याबद्दल बोलणं चालणार नाही. नियमाचे शब्द असे ठेवता येतील: "कामावर बोला, जन्मावर नको. फॉरवर्ड करताना तो का पाठवताय ते एका ओळीत स्वतः लिहा." या दुसऱ्या अटीचा उपयोग अनपेक्षितपणे मोठा आहे. स्वतःच्या शब्दांत लिहायची वेळ आली की अर्धे फॉरवर्ड हातातच थांबतात. हा नियम ग्रुपच्या वर्णनात लिहा आणि मेसेज म्हणूनही टाकून ३० दिवसांसाठी पिन करा, कारण वर्णन उघडून कुणी वाचत नाही.

मेसेज पुसण्याचा अधिकार अ‍ॅडमिनला आहे, तो जपून वापरा. पुसल्यावर अ‍ॅडमिननं मेसेज पुसल्याची नोंद मागे उरते. त्यातून कुतूहल वाढतं आणि टाकणारा अन्याय झाल्याचं सांगायला मोकळा होतो. धमकी, हिंसेचं आवाहन, कुणाचा पत्ता, नंबर किंवा फोटो असेल तर क्षणभरही थांबू नका. बाकी ठिकाणी मेसेज राहू द्या आणि त्याखाली हरकत नोंदवा.

भांडण पेटलं असेल तर फक्त अ‍ॅडमिननाच लिहिता येईल अशी सेटिंग आहे. कुलूप लावण्याआधी मेसेज टाका: "आत्ता ग्रुप बंद करतोय, उद्या सकाळी ९ ला उघडतो." वेळ न सांगता बंद केलं तर शेवटचा मेसेज ज्याचा, तो जिंकला असं दुसऱ्या बाजूला वाटतं आणि उघडल्यावर भांडण तिथूनच पुढे सुरू होतं. मधल्या वेळात अ‍ॅडमिननं दोघांनाही फोन करायचा. फोन न करता लावलेलं कुलूप फुकट जातं.

फॉरवर्डवरच्या मर्यादांबद्दल थोडक्यात. एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येतं. पाच किंवा अधिक टप्प्यांतून आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. बाण दिसला म्हणजे मजकूर खोटा असं नाही. मेसेज कूटबद्ध असल्यामुळे कंपनीला तो वाचताच येत नाही, मोजला जातो तो फक्त प्रवास. शिवाय मजकूर कॉपी करून चिकटवला किंवा स्क्रीनशॉट काढून पाठवला की बाण गायब होतो. म्हणून बाण नसलेला, पण "सर्वांना पाठवा" असं सांगणारा लांबलचक मजकूर दिसला तर तोही तितक्याच सावधपणे वाचा.

काही सोयी या कामाला घातकच आहेत. आपोआप नाहीसे होणारे मेसेज २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांवर ठेवता येतात. वादळी ग्रुपवर २४ तास ठेवले तर दुसऱ्या दिवशी "मी असं म्हटलंच नव्हतं" सुरू होतं. पोल घेऊन वाद मिटवायला जाऊ नका, कुणी कुठे मत दिलं ते सगळ्यांना दिसतं आणि तट कायमचे पडतात. आणि एखाद्याला ब्लॉक केल्यानं ग्रुपमधले त्याचे मेसेज थांबत नाहीत, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. थोडा श्वास हवा असेल तर ग्रुप ८ तास किंवा आठवडाभर म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकणं हा चांगला मार्ग आहे. बाहेर पडायचंच असेल तर त्याची सूचना आता फक्त अ‍ॅडमिनना जाते. पण गेलेल्यांची यादी ६० दिवस सदस्यांना पाहता येते, तेव्हा जवळच्या दोघा-तिघांना आधी सांगितलेलं बरं.

एक सोय मात्र हवीच होती. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये अ‍ॅडमिनला दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतर ठेवता येतं, काही सेकंदांपासून एका तासापर्यंत. तापलेल्या भांडणात यासारखं औषध नाही, कारण माणूस एका दमात सात मेसेज टाकू शकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हे हातानं करावं लागतं. स्वतःच्याच नंबरची चॅट उघडा, उत्तर तिथे लिहा, २० मिनिटं सोडून द्या. मग ते मोठ्यानं वाचा, त्या काकांच्या समोर बसून बोलताय असं समजून. जिथे जीभ अडखळेल तो शब्द काढा, 'नेहमी' आणि 'तुमच्यासारखे' दिसले तर तेही काढा. जे एक वाक्य उरेल तेवढं ग्रुपवर टाका.