फिडोनेट की यूयूसीपी?

एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर टपाल पोचवायच्या या दोन जुन्या पद्धती. दोघांची युक्ती एकच. रात्री फोनचे दर उतरले की मॉडेमने, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या यंत्राने, पलीकडच्या कॉम्प्युटरला फोन लावायचा, साठलेलं टपाल द्यायचं-घ्यायचं आणि फोन ठेवून द्यायचा. भाड्याची कायमची लाइन नकोच.

यूयूसीपी अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेचं, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं. त्याच्याच आधारावर १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी यूझनेट हे बातम्या-चर्चांचं जाळं उभं केलं. पण तेव्हा युनिक्सचं मशीन घरी कोणाकडे असणार? शिवाय पत्ता म्हणजे अख्खी वाटच लिहायची: अमुक!तमुक!ढमुक!नाव. मधलं एक मशीन झोपलं की पत्र तिथेच तुंबलं.

टॉम जेनिंग्जने १९८४ मध्ये सुरू केलेलं फिडोनेट मात्र साध्या डॉसच्या पीसीवर चालायचं. पत्ता पिनकोडसारखा, आकड्यांचा: झोन, नेट, नोड. रोज एक ठरलेला तास फक्त टपालाचा. त्या वेळात वापरणाऱ्या माणसांनी तिथे फोन लावायचा नाही! १९८६ पासून एकोमेलमुळे सामायिक चर्चाही आल्या. फोनचं बिल बऱ्याचदा सिसॉपच्याच, म्हणजे तो कॉम्प्युटर चालवणाऱ्याच्याच, खिशातून जायचं, त्यामुळे कोणी किती भरायचं यावर कटकटी व्हायच्याच.

बातम्यांचा पसारा हवा असेल तर यूझनेट सरस. पण पदरी फक्त एक पीसी आणि मॉडेम असलेल्या माणसाला मी डोळे झाकून फिडोनेटच सुचवलं असतं.