एकेक रेणू टिपायचाय? सोन्याचे कण, काचेचा गोलक की नॅनोलेसर

मराठवाड्यातल्या कॉलेजांतून फिजिक्स घेऊन पीएचडीला लागलेली मुलं हल्ली हमखास विचारतात, "सर, सेन्सरवरच काम करायचंय. प्लाझ्मॉनिक नॅनोलेसर घेऊ का?" म्हणजे धातूच्या आधारानं चालणारा इवलासा लेसर. आरआरसीसमोर, म्हणजे संशोधन मान्यता समितीसमोर, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) ठेवण्याआधी हे नीट पारखून घ्या. पुढची चार-पाच वर्षं त्यातच जाणार आहेत.

सोन्याचे कण सगळ्यांत आवाक्यातले. क्लोरोऑरिक आम्लाचं पातळ द्रावण उकळायचं, सायट्रेट टाकायचं. काही मिनिटांत फिकट पिवळं पाणी डाळिंबी होतं. त्यात चिमूटभर मीठ टाका, कण एकमेकांना चिकटतात आणि रंग निळसर पडतो. धातूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलतात, हाच प्लाझ्मॉन. ज्या तरंगलांबीला हे डोलणं सर्वांत जोरात, तिथं प्रकाशाच्या आलेखात शिखर दिसतं. रेणू कणाला चिकटला की शिखराची तरंगलांबी सरकते. अडचण अशी की धातूत ऊर्जा उष्णता होऊन जाते, म्हणून शिखर पन्नासेक नॅनोमीटर पसरट. एका रेणूनं झालेलं इवलंसं सरकणं त्यात दिसणं कठीण. तरी 2012 साली सोन्याच्या एकाच नॅनोकांडीवर एकेक प्रथिन टिपलं गेलं.

काचेचा गोलक म्हणजे विजापूरचा गोल घुमट. तिथं कुजबुज भिंतीला धरून फिरते, इथं प्रकाश. 2008 मध्ये यानं इन्फ्लुएंझाचा एकेक विषाणू टिपला. इथंही काही चिकटलं की शिखर सरकतं, आणि हे शिखर अतिशय बारीक. पण तापमान जरा हललं की तेही हलतं.

नॅनोलेसरची खुबी निराळी. धातूत जी ऊर्जा वाया जाते, ती शेजारचं रंगद्रव्य किंवा सेमिकंडक्टर भरून काढतं, आणि पसरट शिखर सुईसारखं होतं. कल्पना 2003 ची, प्रत्यक्ष प्रयोग 2009 चे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या गटानं 2014 मध्ये चांदीवर कॅडमियम सल्फाइडची चकती ठेवून स्फोटकांची वाफ ओळखली, तीही साध्या खोलीच्या तापमानाला. डीएनटी या स्फोटकांतल्या रसायनासाठी ओळखण्याची मर्यादा अब्जात एका भागाहूनही कमी. तिथं मोजली ती प्रकाशाची तीव्रता. रेणू चकतीच्या पृष्ठभागावरच्या दोषांना चिकटले की ती बदलते. ही युक्ती मला फार मोलाची वाटते. पण अब्जात एक भाग म्हणजे एकच रेणू नव्हे, हे सिनॉप्सिसमध्ये स्वच्छ लिहा.

आता खर्चाचं. नॅनोलेसरला पंप करायला, म्हणजे बाहेरून ऊर्जा द्यायला, बहुधा पल्स्ड लेसर (थांबून थांबून झोत सोडणारा) लागतो. रंगद्रव्य जळतं, उष्णता साठते. आणि चांदी! आम्ही जपून ठेवलेली चांदीच्या थराची काच पंधरवड्यात कडेनं पिवळी, मग काळपट झाली, घरातल्या पैंजणांसारखीच.

पाण्यातलं कीटकनाशक किंवा जड धातू शोधायचे असतील, तर बिनधास्त सोन्याचे कण घ्या. एकेक विषाणू मोजायचा असेल तर गोलक. नॅनोलेसरचीच ओढ असेल तर पहिलं वर्ष संगणकावर रचना तपासण्यात घाला, आणि थर चढवायचं यंत्र व पल्स्ड लेसर कुठल्या प्रयोगशाळेत, आठवड्यातून किती दिवस मिळणार, हे गाईडला आजच विचारा.