धंतोलीतील श्वसनविकार दवाखाना : दोन वर्षांच्या तक्रारी एका कागदावर

माझ्या आईला सार्कॉइडोसिस (शरीरात ठिकठिकाणी सूक्ष्म गाठी होण्याचा आजार) असल्याचे निदान नागपूरच्या धंतोलीतील या दवाखान्यात झाले. गेल्या आठ महिन्यांत आम्ही येथे सहा वेळा आलो आहोत आणि त्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

त्याआधीची दोन वर्षे सांगितल्याशिवाय या दवाखान्याचे वेगळेपण कळणार नाही. प्रथम आईच्या दोन्ही नडग्यांवर लालसर, दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी आल्या आणि घोटे सुजले. तो वात समजून वेदनाशामक गोळ्या आणि त्यांच्या जोडीला कॅल्शियम व ड जीवनसत्त्व सुरू झाले. काही महिन्यांनी उजवा डोळा लाल झाला, उजेड सहन होईना. त्यावर थेंब मिळाले. मे महिन्यात मुतखड्याची कळ आली, तेव्हा नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले की खडा होतोच, असे आम्हीही धरून चाललो. दिवाळीनंतर कोरडा खोकला सुरू झाला, जिना चढताना धाप लागू लागली आणि एक्स-रेमध्ये छातीच्या मधोमध, फुप्फुसांच्या मुळाशी, दोन्ही बाजूंच्या लसिकाग्रंथी वाढलेल्या दिसल्या. तेव्हा एका डॉक्टरांनी थुंकीत जंतू सापडलेले नसतानाही क्षयाची औषधे सुरू केली. आपल्याकडे असा एक्स-रे पाहून क्षयाची शंका प्रथम येणे स्वाभाविक आहे. पण तीन महिने औषधे घेऊनही खोकला तसूभर कमी झाला नाही, तेव्हा तरी फेरविचार व्हायला हवा होता, ही माझी तक्रार आजही कायम आहे.

येथील डॉक्टरांनी पहिल्या भेटीत एक्स-रे बाजूला ठेवला आणि विचारले, “काकू, खोकल्याच्या आधी कधी डोळे आले होते का? पायांवर गाठी?” आई म्हणाली, “आले होते, पण त्याचा खोकल्याशी काय संबंध?” त्यानंतर जवळपास पाऊण तास त्यांनी आमच्या पिशवीतील सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून घेतल्या आणि नडगी, घोटे, डोळा, खडा, खोकला असा क्रम एका कागदावर लिहिला. चार वेगवेगळ्या डॉक्टरांकडे विखुरलेल्या तक्रारी प्रथमच एकत्र वाचल्या गेल्या.

सार्कॉइडोसिसमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी जमून सूक्ष्म गाठी तयार होतात. बहुतेकांच्या फुप्फुसांत आणि छातीतील ग्रंथींत त्या आढळतात, पण डोळे, त्वचा, यकृत, मज्जातंतू, हृदय असे कोणतेही इंद्रिय सुटेलच असे नाही. चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडणे, कानाखालच्या लाळग्रंथी सुजणे, धडधड होऊन भोवळ येणे हेदेखील याच आजाराचे रूप असू शकते. खड्याचा उलगडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला : या गाठींतील पेशी ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप स्वतःच तयार करतात, त्यामुळे रक्तात आणि लघवीत कॅल्शियम वाढते. म्हणजे सांध्यांसाठी कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या ज्या गोळ्या आई नेमाने घेत होती, त्या तिला अपायकारक ठरत होत्या. त्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या आणि भर उन्हात फिरणेही टाळायला सांगितले गेले.

निदानाची घाई मात्र डॉक्टरांनी केली नाही. सीटी स्कॅननंतर त्यांनी आम्हाला दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात पाठवले. तेथे गुंगी देऊन, तोंडावाटे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, सोनोग्राफीच्या आधाराने ग्रंथीचा तुकडा सुईने काढला गेला. त्यात गाठी होत्या, पण क्षयात दिसतो तसा मृत पेशींचा भाग नव्हता. क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणीही नकारात्मक आली. तरीही कल्चरचा, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का हे पाहणाऱ्या तपासणीचा, अंतिम अहवाल येईपर्यंत सहा आठवडे थांबावे लागले, कारण क्षय असताना स्टेरॉइड दिल्यास तो बळावू शकतो, हे आम्हाला नीट समजावून सांगितले होते. खोकल्याशी वरवर संबंध नसलेल्या डोळ्याची तपासणी आणि हृदयाचा ईसीजी त्यांनी आग्रहाने करवून घेतले. डोळ्याच्या आत जुना दाह शिल्लक असल्याचे तेव्हाच कळले.

त्यानंतर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दररोज ३० मिलिग्रॅम सुरू झाले आणि ते हळूहळू उतरवले जात आहे. अनेक रुग्णांत हा आजार औषधाविना आपोआप शमतो, पण डोळा आणि कॅल्शियम यांमुळे आईच्या बाबतीत थांबणे योग्य नव्हते. खोकला गेला आहे, धाप बरीच कमी आहे. साखर थोडी वाढली आहे, तिच्यावर लक्ष आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. वेळ घेऊन गेलो तरी दोन-अडीच तास थांबावे लागते, आणि स्वागतकक्षातील फोन दुपारी सहसा उचलला जात नाही. औषध उतरवण्याचे वेळापत्रक आम्हाला तोंडी सांगितले गेले. एकदा आईने चुकून आठवडाभर आधीच मात्रा कमी केली. स्टेरॉइड अचानक कमी करणे धोक्याचे असल्याने हे वेळापत्रक मराठीत छापून प्रत्येक रुग्णाच्या हाती द्यावे, अशी माझी दवाखान्याला विनंती आहे.

येथे येणाऱ्यांनी जुन्या चिठ्ठ्या, अगदी डोळ्यांच्या आणि खड्याच्याही, सोबत आणाव्यात. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळत नाही. आम्ही आता मेट्रोने काँग्रेस नगर स्थानकावर उतरतो आणि तेथून आई सावकाश, मध्ये न थांबता, चालत येते.