धाराशिवच्या खो-खो हॉस्टेलचा रिव्ह्यू आणि लेकराला अवघड गटात टाकावं का त्याबद्दल थोडं

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहायलोय. आमची भाची कंधार तालुक्यातली, बारावीनंतर तिला धाराशिवला कॉलेजात घातलं आणि खो-खोसाठी एका खाजगी मुलींच्या हॉस्टेलवर ठेवलं, राहणं, जेवण आणि दोन टाइम ग्राउंड असं सगळं एकाच ठिकाणी. हॉस्टेलचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण काही तक्रारी पण आहेत. तिचं दुसरं वर्ष आता संपत आलंय त्यामुळं बरं-वाईट दोन्ही बघून झालंय.

आधी धाराशिवच का ते सांगतो. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, मग विभाग अशा वर जातात आणि आमचा नांदेड जिल्हा लातूर विभागात येतो, म्हणजे विभागाला गेलं की समोर धाराशिवच्या पोरी उभ्या. आमच्या पोरी जिल्ह्याला चांगल्या खेळायच्या आणि विभागाला जाऊन डावानं हरून यायच्या. ज्यांनी धाराशिवचा खो-खो बघितला नाही त्यांना सांगतो, त्या गावात हा खेळ क्रिकेटइतका सिरियस घेतात. सारिका काळे तिथलीच, २०१६ च्या साउथ एशियन गेम्सला भारताची कॅप्टन होती, गोल्ड आणलं आणि २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० नं हरवलं, त्या टीममधली अश्विनी शिंदे पण धाराशिवची आणि कॅप्टन प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. तर आमच्या भाचीच्या डोक्यात बसलं की जायचं तर तिथंच.

आता खरा प्रश्न. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ ला वेगळं झालं, आपले नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली त्यात, आणि धाराशिव मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातच राहिलं. म्हणजे पोरगी तिकडं गेली की तिचं विद्यापीठच बदलतं, आणि विद्यापीठाच्या टीमला सिलेक्शन कुणाबरोबर होणार तेही बदलतं. गावाकडं राहिली असती तर कॉलेजच्या टीमला नक्की, विद्यापीठाच्या टीमला बहुतेक. आणि दोन्ही विद्यापीठांच्या टीमा शेवटी खेळतात कुठं तर भारतीय विश्वविद्यालय संघाच्या पश्चिम विभागालाच, तिथं महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान सगळ्या विद्यापीठांच्या तगड्या टीमा येतात. म्हणजे सोप्या दारातनं गेलात तरी पुढं पैलवान तेच! मग अवघड दारात जाऊन धक्के कशाला खायचे? हे माझ्या मेहुण्याचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं, पहिल्या वर्षी तर एकदम बरोबर निघालं.

पहिल्या वर्षी काय झालं ते सांगतो. कॉलेजच्या टीमला बारावी खेळाडू म्हणून नाव, ग्राउंडवर उतरली ती लिंबूटिंबू टीमच्या विरुद्ध शेवटची चार मिनिटं. विद्यापीठाच्या निवड चाचणीतनं पहिल्याच फेरीत बाहेर. तिच्याच बरोबरची एक मैत्रीण, जी गावाकडं हिच्यापेक्षा उन्नीसच होती, ती तिकडं राहिली आणि विद्यापीठाकडनं पश्चिम विभाग खेळून आली, ट्रॅकसूट, सर्टिफिकेट सगळं. घरी काय वातावरण झालं असेल विचार करा. सर्टिफिकेट ही साधी गोष्ट नाही हो, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि गावाकडच्या लेकीला घराबाहेर खेळायला सोडण्यामागं अर्ध्या आईबापांचा हिशोब तोच असतो. मी तिला फोनवर म्हणलं, परत यायचं असेल तर ये बाई, कुणी काही म्हणणार नाही. ती म्हणली, "मामा, मी रोज हरायलेय, पण इथं का हरायलेय ते तरी कळायलंय."

ते का म्हणजे काय हे मी जाऊन बघितलं, आणि या हॉस्टेलचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट तोच आहे. आमच्याकडं पोरी पळताना पाठलाग करणारीच्या पायाकडं बघायच्या. इथल्या सरांनी पहिल्या आठवड्यात ते बंद केलं. पाठलाग करणारीनं एकदा दिशा पकडली की खांबापर्यंत तिला मागं फिरता येत नाही, तिची खांद्याची रेषा वळली की फाउल, म्हणून पळणारीनं खांदा बघायचा, खांदा फसला की आपण मधल्या पाटीच्या, म्हणजे बसलेल्या पोरींच्या रांगेच्या, पलीकडं. आमच्या तालुक्याच्या मॅचला हे फाउल कुणी देतच नाही, पाठलाग करणारी गर्रकन मागं वळती आणि पळणारी आउट. बसलेल्या पोरी खो मिळायच्या आधीच अर्ध्या उठलेल्या असतात तरी पंच गप्प. म्हणजे तिकडं जी चेझर हुशार वाटायची तिचा निम्मा खेळ फाउलवर चाललेला असायचा. धाराशिवला संध्याकाळच्या सरावाला पण शिट्टी वाजते, एक मोठी खेळाडू फक्त पाय आणि खांदे बघायला उभी असते. भाचीचा पाठलाग या शिट्टीनं पहिले सहा महिने पार मोडून पडला आणि मग जो परत उभा राहिला तो वेगळाच, आता ती आधी दिशा ठरवते मग पाऊल टाकते. कडक गटात गेल्याचा फायदा कुणी विचारला तर मी आधी हेच सांगतो, तुमच्या खेळातला खोटा भाग तिथं पहिल्या दिवशी उघडा पडतो.

दुसरी गोष्ट रोज समोर कोण आहे. इथं तीन-तीनच्या बॅच पाडून पळवतात आणि पाठलागाला विद्यापीठ खेळलेल्या पोरी, कधी कधी शाळेतली पोरं पण. सुरुवातीला भाची अर्ध्या मिनिटात बाद व्हायची, गावाकडं हीच पोरगी तीन-तीन मिनिटं नाबाद. आता इथल्याच चेझरसमोर दीड-पावणेदोन मिनिटं काढायलीय, आणि ते दीड मिनिट गावाकडच्या तीन मिनिटांपेक्षा जड आहे. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या पहिल्या नऊत आली आणि विद्यापीठाच्या कॅम्पपर्यंत पोचली. अंतिम टीमला नाव थोडक्यात हुकलं, ते लपवत नाही.

माझा मावसभाऊ अमेरिकेत डॅलसला असतो, त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणला अरे आमच्याकडं अख्खी कॉलेजंच गट बदलतात. तिकडं कॉलेजांचे खेळाचे गट असतात, कॉन्फरन्स म्हणतात, आणि अमेरिकन फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशासाठी कॉलेजं एका गटातनं दुसऱ्या तगड्या गटात उड्या मारतात. त्याच्या घराजवळचं एसएमयू नावाचं विद्यापीठ २०२४ ला एसीसी नावाच्या मोठ्या गटात गेलं, आणि जाताना काय कबूल केलं तर नऊ वर्षं त्या गटाच्या टीव्हीच्या पैशातला वाटा घेणार नाही! माजी विद्यार्थी गडगंज, त्यांनी खिशातनं खर्च उचलला. आणि पहिल्याच वर्षी गटातल्या आठच्या आठ मॅच जिंकल्या, गटाची फायनल क्लेमसनकडनं ३४-३१ हरले, तरी देशातल्या बारा टीमांच्या बाद फेरीत घेतलं, तिथं मात्र पेन स्टेटनं ३८-१० धुतलं. दुसरीकडं रटगर्स म्हणून एक आहे, २०१४ ला बिग टेन या दादा गटात गेलं, पैसा आला पण फुटबॉलमध्ये कित्येक वर्षं मार खात बसलं. आणि यूसीएलए २०२४ ला त्याच बिग टेनमध्ये गेलं, आता लॉस एंजेलिसच्या पोरींना व्हॉलीबॉल खेळायला पार दुसऱ्या किनाऱ्यावर न्यू जर्सीपर्यंत विमानानं जावं लागतंय, गट बदलला फुटबॉलच्या पैशासाठी आणि प्रवास मात्र सगळ्यांच्या वाट्याला. मला यातनं एकच गोष्ट घेण्यासारखी वाटली, एसएमयू वर जायच्या आधीच्या वर्षी आपल्या जुन्या गटाचं चॅम्पियन होतं. खाली राज्य केलेलं होतं आणि वर गेल्यावर पहिली काही वर्षं पैसा येणार नाही हे धरून घर चालवायची तयारी होती.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं पण असंच. लोक म्हणतात तो अमेरिकेत जाऊन सराव करतो, केनियावाल्यांबरोबर पळतो म्हणून मोठा झाला. पण त्याच्या आधी २०१८ ला भुवनेश्वरला त्यानं स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळ्यांवरनं उड्या मारत पळायच्या शर्यतीचा, ३७ वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडलेला होता, ८ मिनिटं २९.८० सेकंद. देशात पुढं कुणी उरलं नाही तेव्हा बाहेरचे गाठले आणि मग २०२२ ला बर्मिंगहॅमला ८:११.२० पळून कॉमनवेल्थचं सिल्व्हर, गोल्ड ०.०५ सेकंदानं हुकलं. तर ज्यांची पोरगी अजून तालुक्यालाच पहिल्या बॅचमध्ये टिकत नाही त्यांनी एकदम धाराशिव किंवा पुणे गाठायची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिला आधी जिल्ह्यात दोन सीझन पोटभर खेळू द्या, मॅचमध्ये पळाल्याशिवाय अंगात काही उतरत नाही.

बरं, हॉस्टेलबद्दल. फी महिन्याला साडेपाच हजार, जेवण धरून, आमच्यासारख्याला जड आहे पण जे देतात त्या मानानं ठीक. जेवण खरंच चांगलं, ज्वारीची भाकरी रोज, डाळ घट्ट, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ टेबलावर ठेवलेला, घ्या तेवढा, अंडी आठवड्यातनं तीनदा. सकाळी ग्राउंडवरनं आल्यावर भिजवलेले हरभरे. रविवारी धपाटे. पोरी खाण्याबद्दल कुरकुर करत नाहीत यावरनं समजा. सुरक्षेला वॉर्डन बाई कडक, मोबाईल रात्री साडेनऊला जमा, मला हे आवडलं, भाचीला नाही.

पाण्याचे मात्र हाल. मार्चपासनं टँकर, धाराशिवात उन्हाळ्यात तसंही पाण्याची बोंबच असते पण फी घेताय तर टाकी मोठी बांधा ना. मॅट आहे पण जुनी, कडेला उचललेली, त्यामुळं सराव जास्त करून मातीवर, आणि आता मोठ्या स्पर्धा बऱ्याचशा मॅटवर व्हायल्यात, मॅटवर बूट पकडतो तो वेगळा आणि खांबावर सूर मारताना घसरण वेगळी. गेल्या वर्षी एका पोरीचा घोटा मॅटच्या त्या उचललेल्या कडेनंच मुरगळला. फिजिओ नाही ही सगळ्यात मोठी तक्रार. भाचीचा गुडघा दुखायला लागला तर दोन आठवडे बाम आणि क्रेप बँडेजवर ढकललं, शेवटी आम्हीच लातूरला नेऊन दाखवलं. चाळीस पोरी रोज सूर मारतात तिथं आठवड्यातनं एकदा तरी फिजिओ पाहिजे, यात तडजोड नको. सरांना मी तोंडावर सांगितलंय, त्यांनी पुढच्या जूनपासनं सोय करतो म्हणलंय, बघू.

प्रवासाचं म्हणाल तर कंधारहून लातूर आणि लातूरहून धाराशिव, बायकांना एसटीत अर्धं तिकीट झाल्यापासनं माझ्या बहिणीला लेकीला भेटायला जाणं परवडायलंय, नाहीतर दिवाळीलाच भेट झाली असती.

रेटिंग द्यायचं तर ट्रेनिंगला पाचपैकी साडेचार, जेवणाला चार, सोयींना दोन. पैसे वसूल झाले का तर पहिल्या वर्षाचे नाही, दुसऱ्या वर्षाचे झाले. एकाच वर्षासाठी टाकायचं असेल तर टाकू नका, रडून परत येईल. तीन वर्षं ठेवायची तयारी, पहिलं वर्ष बेंचवर जाईल हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगितलेलं, आणि पोरगी हरल्यावर दुसऱ्या दिवशी बूट बांधणारी असेल तर डोळे झाकून टाका. भाची तिसऱ्या वर्षाला तिथंच राहणार आहे, तिच्या आईनं पण आता हो म्हणलंय.

कुणाला चौकशी करायची असेल तर ट्रायल जूनमध्ये असतात. जाताना पालकांनी दोन गोष्टी विचारा, तुमच्या पोरीला रोज कोण पाठलाग करणार, आणि कॉलेजच्या बी टीमला वर्षात किती मॅच मिळतात. भिंतीवरचे फोटो आणि ट्रॉफ्या बघून ठरवू नका. आणि ट्रायलच्या दिवशी पालकांना ग्राउंडच्या कडेला बसू देतात, पूर्ण वेळ बसा, मॅटची कडा पण बघून या.